माहीत नाही म्हणण्याची सोय

नाशिकजवळ अंबडच्या ज्या कारखान्यात मी नोकरीला लागले, तिथे आम्ही दुसऱ्या कारखान्यांसाठी नियंत्रक बनवायचो. म्हणजे एक पत्र्याची पेटी, आत चार-पाच इलेक्ट्रॉनिक कार्डं आणि बाहेर लाल आकडे दाखवणारी खिडकी. पेटी भट्टीला जोडली की ती भट्टीचं तापमान सांभाळायची, मोटरीला जोडली की मोटरीचा वेग. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. पेटीत एक छोटा संगणक असायचा आणि त्या संगणकाचं कामकाज चालवणारी प्रणाली आमच्याकडेच लिहिलेली होती, कुठून विकत आणलेली नव्हती. पाहुणे आले की मालक हे आवर्जून सांगायचे.

त्या प्रणालीच्या गाभ्याला आम्ही कर्नल म्हणायचो. कुठलं काम आधी करायचं, कुठलं थांबवायचं, हे तो ठरवायचा. पण कर्नलला भट्टी कळत नाही आणि मोटरही कळत नाही. प्रत्येक कार्डाशी बोलण्यासाठी एक वेगळा छोटा प्रोग्राम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. मी ड्रायव्हर लिहायचे. आईने ही बातमी आमच्या कॉलनीत सांगितली तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "म्हणजे एसटी डेपोत का? ड्रायव्हर लोकांची हजेरी लिहायची?" आई हो म्हणाली. मला पुढे बरेच महिने ते निस्तरता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर एसटीतली नोकरी कॉलनीत जास्त मानाची होती.

कर्नल एकट्या माणसाने लिहिला होता. ते आमचे सर. मुंबईच्या एका संशोधन संस्थेतून नोकरी सोडून नाशिकला आलेले, पन्नाशीला टेकलेले, बारीक, कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. इतका हुशार माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. प्रोग्रामच्या छापील कागदांची भलीमोठी चळत ते न बघता तोंडपाठ सांगायचे. तिसऱ्या गठ्ठ्यात, मधल्या पानावर, अमुक ओळ. काही अडलं की त्यांच्या टेबलाशी जायचं आणि विचारायचं. ते कधी चिडायचे नाहीत. उलट त्यांना आवडायचं.

"लिहून कशाला ठेवायचं? मी आहे ना इथे," असं म्हणायचे.

त्यामुळे झालं असं होतं, की आमच्याकडे अकरा ड्रायव्हर होते आणि अकरांच्या अकरा तऱ्हा. प्रिंटरच्या ड्रायव्हरने शून्य सांगितलं तर काम झालं असं समजायचं. फ्लॉपीच्या ड्रायव्हरने शून्य सांगितलं तर काम बिघडलं. एक तापमान अंशात सांगायचा, दुसरा अंशाच्या दहाव्या भागात. नावं सहा अक्षरांची, स्वर गाळलेली, सरांशिवाय कुणाला वाचता न येणारी. ही सगळी कामं वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या घाईत झालेली होती, आणि प्रत्येक तऱ्हेमागे त्या त्या वेळचं काहीतरी बरोबर कारण होतं. मी सहा महिन्यांत त्यातल्या बऱ्याच पाठ केल्या. मला वाटलं, आपल्याला काम यायला लागलं.

मग मालेगावचं काम आलं. तिथल्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्याला रंगाच्या मशीनसाठी नियंत्रक हवा होता. मोठं लोखंडी कुंड, त्यावर झाकण, आत कापड फिरतंय आणि खालून वाफेच्या नळीने पाणी तापतंय. पाणी साठ अंशांवर आलं की वाफ बंद, मग कामगार झाकण उघडून रंग ओततो. आमच्या पेटीने फक्त तापमान बघायचं आणि वाफेची झडप उघडायची-मिटायची. तापमान मोजायच्या कार्डाचा ड्रायव्हर माझ्याकडे आला.

कारखान्यात चाचणी करताना एक त्रास दिसला. जवळची मोटर सुरू झाली की क्षणभर कार्डाला तापमान मिळायचं नाही. अशा वेळी कार्ड उणे एक हा आकडा द्यायचं, आणि तो तसाच बाहेरच्या खिडकीत चमकून जायचा. मी सरांकडे गेले.

"सर, उत्तर आलं नाही तर वरच्या प्रोग्रामला काय सांगू?"

"मागचा आकडा दे," सर म्हणाले. "अर्ध्या सेकंदाचा प्रश्न आहे. आकडा हलला की गिऱ्हाईक घाबरतं."

ते बरोबर होतं. अर्ध्या सेकंदात पाण्याचं तापमान बदलत नाही. मी दोन ओळी घातल्या, खिडकीतला आकडा स्थिर झाला, सगळे खूश झाले. उत्तर अर्धा सेकंद नाही, अर्धा तास आलं नाही तर काय, हा पुढचा प्रश्न मी विचारला नाही. मला तो सुचलाच नाही असंही नाही. सुचला होता, पण ड्रायव्हरने परत काय द्यायचं त्या जागेत एकच आकडा मावत होता. तो आकडा म्हणजे तापमान. दुसरं काही सांगायला जागाच नव्हती, आणि जागा नाही म्हणून मी तो विचार सोडून दिला.

पेटी बसवल्यावर दोन-अडीच महिन्यांनी मालेगावहून ट्रंककॉल आला. मशीनवर एक माणूस भाजला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी आणि आमचे मिस्त्री गेलो. मिस्त्री म्हणजे चाचणी विभागातले तंत्रज्ञ. चाळिशी ओलांडलेले, सटाण्याकडचे. तिथे त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद करून नोकरीत आले होते. शिक्षण दहावी. पण कार्डावरचा कुठला भाग गरम लागतोय हे बोट न लावता ओळखायचे. मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला ताई.

कारखान्यात मशीन आणि वाफेची मुख्य नळी बंद ठेवली होती, आमची पेटी मात्र चालूच होती. पेटीच्या खिडकीत अठ्ठावन्न हा आकडा होता. कुंडातलं पाणी एव्हाना थंडगार झालेलं, मी हात बुडवून पाहिला. तरी खिडकीत अठ्ठावन्न. मिस्त्रींनी मागचं झाकण काढलं, टॉर्च मारला आणि मला बोलावलं. कुंडातून येणारी सेन्सरची तार स्क्रूमधून निसटून बाहेर आली होती. मशीनच्या हादऱ्यांनी हळूहळू ढिली झाली असणार.

म्हणजे काय घडलं होतं ते उघड होतं. अठ्ठावन्नला तार निसटली. त्यानंतर कार्ड ओरडून सांगत होतं की मला काही कळत नाही, आणि माझा ड्रायव्हर दर वेळी मागचा आकडा पुढे करत होता. अठ्ठावन्न म्हणजे अजून साठ झाले नाहीत, म्हणून वाफेची झडप उघडी. पाणी उकळत राहिलं. आजूबाजूला इतका आवाज, की उकळी ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता.

मिस्त्री उकिडवे बसून कार्डाकडे बघत होते. त्यांनी मीटर लावून पाहिला. म्हणाले, "कार्ड खरं सांगस, ताई." चिंतेत असले की त्यांच्या बोलण्यात सटाण्याकडची अहिराणी यायची. मग सावरून म्हणाले, "कार्ड उणे एक देतंय. ते मधे कुठं गेलं?"

"माझ्याकडे," मी म्हणाले. "मी गिळलं ते."

भाजलेल्या कामगाराचं घर जवळच होतं. आम्ही गेलो. तिशीतला माणूस, उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत, गालावर मलम. त्याच्या बायकोने पाणी दिलं. पुढच्या खोलीत हातमाग असावा तशी रिकामी चौकट होती, तिच्यावर कपडे वाळत होते. मी त्याला सांगितलं, की पेटीतला तो प्रोग्राम मी लिहिला आहे. तो रागावेल अशी माझी तयारी होती. तो रागावला नाही. त्याला फक्त समजून घ्यायचं होतं. मला तो बाजी, म्हणजे ताई, म्हणत होता.

"बाजी, मीटर अठ्ठावन बोल रहा था," तो म्हणाला. "आधा घंटा अठ्ठावन. मैं बोला, साठ क्यों नहीं हो रहा, देखूं तो. ढक्कन उठाया."

मी त्याला तारेचं सांगितलं. तार सुटल्यावर मशीनला तापमान कळतच नव्हतं, म्हणून जुना आकडा दाखवत होतं, असं.

तो म्हणाला, "मालूम नहीं था तो वैसा बोलना था ना. मालूम नहीं था तो अठ्ठावन कायको बोला?"

परत येताना एसटीत मिस्त्री एवढंच म्हणाले, "त्याचं म्हणणं बरोबर शे."

घरी वडिलांना सांगितलं. ते नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक होते, आणि रविवारी वस्तीतल्या विहारात मुलांना गणित शिकवायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चूक कुणाची, हे विचारलं नाही. "त्या माणसाकडे परत जाणार आहेस का?" एवढं विचारलं. मी म्हणाले, काहीतरी हातात असल्याशिवाय जाऊन काय करू? "मग हातात येईल असं बघ," म्हणाले आणि वह्या तपासायला बसले.

कारखान्यात सरांनी सगळा वृत्तान्त शांतपणे ऐकला. त्यांनाही वाईट वाटलं होतं, चेहरा उतरला होता. पण ते म्हणाले, "तार सुटणं ही बसवणाऱ्यांची चूक आहे. ड्रायव्हर सांगितल्याप्रमाणेच वागला."

"तेच तर, सर."

"ठीक आहे. या कार्डासाठी एक वेगळं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा छोटा तुकडा, घालतो. सेन्सर जागेवर आहे का एवढं तपासणारं. ज्याला हवं तो बोलावेल."

"ज्याला माहीत असेल तो बोलावेल," मी म्हणाले. "मला माहीत नसतं तर मी बोलावलं नसतं."

मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. मग मी मनात होतं ते सगळं एकदम सांगून टाकलं. अकरा ड्रायव्हर, अकरा तऱ्हा, बारावी तऱ्हा आणखी नको. सगळ्या ड्रायव्हरांना एकच साचा हवा. उघडणं, वाचणं, लिहिणं, हुकूम देणं, बंद करणं, एवढी पाचच कामं, सगळ्यांची नावं तीच, सगळ्यांचे नियम तेच. आणि प्रत्येक कामात ड्रायव्हरला ‘मला माहीत नाही’ असं म्हणायची सोय हवी. मला महिनाभर द्या.

"माझ्या डोक्यात हे सगळं आहे गं," सर म्हणाले. "कुणीही येऊन विचारावं."

"विचारतोच, सर. रोज विचारतो."

सरांनी टेबलावरची पेन्सिल उचलून खाली ठेवली. शेवटी म्हणाले, "प्रोग्रामला हात लावू नकोस. आधी एक पान लिहून आण. एकच पान. ते वाचून मला पटलं तर बघू."

एक पान लिहायला मला सोळा दिवस लागले.

पहिला खर्डा इंग्रजीत लिहिला, कारण आमचे सगळे कागद इंग्रजीत असायचे. भारदस्त वाटत होता. तो मिस्त्रींना वाचायला दिला. त्यांनी दोनदा वाचला आणि विचारलं, "ताई, ह्या चौथ्या ओळीत काय म्हटलंय?" मी मराठीत सांगायला लागले आणि अडखळले. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, की ड्रायव्हर परिस्थितीनुसार योग्य ती स्थिती कळवेल. कुठल्या परिस्थितीत? कुठली योग्य? कुणाला? मराठीत सांगताना हे प्रश्न माझे मलाच पडले. इंग्रजीत ते वाक्य गुळगुळीत होतं, म्हणून पटकन निसटलं होतं. त्यानंतर मी प्रत्येक ओळ आधी मिस्त्रींना मराठीत सांगायची, जमली तरच इंग्रजीत उतरवायची, असं ठरवलं. अर्ध्याहून जास्त ओळी जमल्या नाहीत. त्या वाईट लिहिलेल्या नव्हत्या. मी त्यांचा विचारच केलेला नव्हता.

उदाहरणार्थ, वरच्या प्रोग्रामने ड्रायव्हरला मजकूर ठेवायला मेमरीतली जागा दिली, तर ती परत कधी वापरायची? ड्रायव्हरने हो म्हटल्यावर लगेच, की काम पुरतं झाल्यावर? आमच्या प्रिंटरच्या ड्रायव्हरसाठी ‘हो’ म्हणजे ‘काम घेतलं’, आणि फ्लॉपीच्या ड्रायव्हरसाठी ‘हो’ म्हणजे ‘काम झालं’. एकाच शब्दाचे दोन अर्थ घेऊन आम्ही कित्येक वर्षं जगत होतो. मी ठरवलं की हो म्हणजे झालं. ज्या कामांना वेळ लागतो त्यांच्यासाठी ‘घेतलं’ असं वेगळं उत्तर. हे आता वाचताना सोपं वाटतं. तेव्हा त्या एका ओळीसाठी मी तीन दिवस जुने कागद चाळत होते, कारण ती ओळ बदलली की सात ठिकाणी काय मोडेल ते बघायचं होतं.

तापमानाचा आकडा आणि त्याच्याविषयीचं उत्तर मी वेगळं केलं. ड्रायव्हर आधी सांगेल की झालं, घेतलं, बिघडलं किंवा माहीत नाही. आकडा वेगळ्या जागी ठेवला जाईल. एककं ठरवली. तापमान अंशाच्या दहाव्या भागात, सगळीकडे. नावातले स्वर परत आणले, जेवढे आमच्या कंपायलरला, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाला, चालत होते तेवढे.

पान सरांकडे नेलं. त्यांनी पेन्सिल घेऊन वाचलं आणि मला समोर बसवून दोन गोष्टी खोडल्या. एक खोडली ती अनावश्यक होती म्हणून. दुसरी खोडताना म्हणाले, "मोटरीच्या कार्डाला दर वेळी एवढी विचारपूस परवडणार नाही. तिथे वेळ नसतो." मी वाद घातला. त्यांनी कागदावर हिशोब मांडून दाखवला, एकेक सूचनेला किती वेळ लागतो तो. ते बरोबर होते आणि मी चूक. मोटरीच्या कार्डासाठी वेगळी वाट ठेवावी लागली, आणि माझ्या एकसारख्या साच्याला तिथे एक टाका पडला. मला तो खुपायचा, पण मोटर नीट चालायची.

मग सर म्हणाले, "हे पान चांगलं आहे की नाही, हे तू आणि मी ठरवू शकत नाही. आपल्याला दोघांनाही सगळं आधीच माहीत आहे. ज्याला माहीत नाही अशा कुणीतरी यावरून ड्रायव्हर लिहून दाखवावा." हे त्यांनी म्हणावं याचं मला आश्चर्य वाटलं. मी मिस्त्रींचं नाव सुचवलं. सर हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

मिस्त्री आधी तयार नव्हते. "ताई, मी दहावीवाला माणूस," म्हणाले. पण रेडिओच्या दुकानात असताना त्यांनी पुस्तकं आणून डिजिटल सर्किटं स्वतः शिकली होती, आणि आमच्या कार्डांच्या चाचणीसाठी छोटे प्रोग्राम ते लिहायचेच. शेवटी एका अटीवर तयार झाले. त्यांनी आम्हाला काही विचारायचं नाही आणि आम्ही सांगायचं नाही. प्रश्न पडला तर पानाच्या समासात लाल पेनाने लिहायचा. ही अट मी घातली होती असं मी पुढे लोकांना सांगत असे, पण ती त्यांची होती. ते म्हणाले, "तोंडी विचारलं की तुम्ही सांगाल, मला जमेल, आणि पान तसंच चुकीचं राहील."

चार दिवसांनी पान परत आलं तेव्हा समास लालभडक होता. सतरा प्रश्न. काही प्रश्न मला आजही तोंडपाठ आहेत. मी लिहिलं होतं, कार्डाने हाक मारली की ड्रायव्हरने आपलं काम लवकर आटोपावं. समोर लाल अक्षरांत लिहिलेलं, ‘लवकर म्हणजे किती?’ मी सरांना विचारलं, त्यांनाही आकडा सांगता आला नाही. इतकी वर्षं ‘लवकर’ हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. शेवटी मिस्त्रींनीच ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावून मोजलं आणि सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाच्या आत, असा आकडा पानावर आला. दुसरा प्रश्न होता, ‘बंद केलेलं पुन्हा बंद केलं तर?’ तिसऱ्या ठिकाणी प्रश्न नव्हता, फक्त लिहिलं होतं, ‘हे कळलं. छान.’ ती ओळ मी सगळ्यात कमी मेहनतीने लिहिली होती.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र त्यांनी समासात लिहिली नाही. ती त्यांच्या प्रोग्राममध्ये सापडली. त्यांनी ड्रायव्हर बरोबर लिहिला होता, ‘माहीत नाही’ हे उत्तर नीट दिलं होतं. पण तो तपासायला वर जो प्रोग्राम लिहिला, त्यात ते उत्तर बघितलंच नव्हतं. सरळ आकडा उचलून दाखवला होता.

"भाऊ, उत्तर का नाही बघितलं?" मी विचारलं.

ते ओशाळले. "राहून गेलं. आकडा तर समोरच होता."

मला एकदम मालेगाव आठवलं. मिस्त्री त्या घरात माझ्या शेजारी बसलेले होते. त्यांच्याकडूनही राहून गेलं, तर कुणाकडूनही राहून जाईल. सोय करून ठेवणं पुरेसं नव्हतं. त्या दिवशी दुपारी सर, मिस्त्री आणि मी, तिघं चाचणीच्या बाकाभोवती बसलो. सर पहिल्यांदाच आमच्या बाकापाशी येऊन बसले होते. नेहमी आम्ही त्यांच्याकडे जायचो. तिथे ठरलं, की ड्रायव्हरला माहीत नसेल तेव्हा आकड्याच्या जागी त्याने एक अशक्य आकडा ठेवायचा, जो खिडकीत गेला तर नुसत्या आडव्या रेघा उमटतील. उत्तर बघायला विसरणाऱ्याला निदान भलता आकडा मिळणार नाही. क्षणभराची गडबड तीनदा विचारून ड्रायव्हरनेच निस्तरायची. पण चौथ्यांदाही उत्तर नसेल तर कर्नलने कुणाची वाट न बघता वाफेची झडप मिटवून टाकायची. ही शेवटची कल्पना सरांची. कर्नलमधले ते बदल त्यांनी स्वतः दोन दिवसांत केले, आणि केलेल्या प्रत्येक बदलाखाली समजेल अशा भाषेत टीप लिहिली. त्यांच्या हातची तशी टीप मी आधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या फेरीत समासात चार प्रश्न आले. तिसऱ्या फेरीत एकही नाही.

नवा प्रोग्राम भरलेल्या चिपा घेऊन आम्ही मालेगावला गेलो. तो कामगार कामावर परत आला होता. हाताची कातडी गुलाबी आणि ताणलेली दिसत होती, मूठ पूर्ण वळत नव्हती. त्याला मशीनवरून काढून कापड मोजायला बसवलं होतं. मी मालकांना विनंती करून त्याला बोलावून घेतलं. कुंडातलं पाणी तापत होतं, खिडकीत एकेचाळीस, बेचाळीस. मिस्त्रींनी पेटीचं मागचं झाकण उघडलं आणि त्याला म्हणाले, "तुम निकालो."

त्याने डाव्या हाताने तार ओढली. दोन सेकंद काही झालं नाही, आणि ते दोन सेकंद मला फार लांब वाटले. मग आकडे जाऊन रेघा आल्या, झडप धाडकन मिटली, पेटीतली घंटी वाजली.

तो रेघांकडे बघत राहिला. "यानी अभी इसको मालूम नहीं है?"

"हां. मालूम नहीं है."

"ठीक है," तो म्हणाला. मग झाकणापाशी, जिथे मशीनवरचा माणूस उभा राहतो तिथे, स्वतः जाऊन उभा राहिला. परत येऊन म्हणाला, "घंटी इधर सुनाई नहीं देती, बाजी. लाल बत्ती लगाओ. ऊपर."

आम्ही तिघांनी पानावर, कर्नलमध्ये, ड्रायव्हरमध्ये एवढा विचार केला होता, पण त्या आवाजात घंटी ऐकू येईल का, हे कुणी पाहिलं नव्हतं. दिवा लावायला मिस्त्री पुढच्या आठवड्यात एकटे गेले. पुढच्या सगळ्या पेट्यांना दिवा लागला.

बाकीच्या दहा ड्रायव्हरांना नवा साचा द्यायला वर्ष गेलं. त्यातले चार मिस्त्रींनी लिहिले आणि त्यानंतर त्यांचं पद बदललं, तरी कारखान्यात सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे. सर दोन वर्षांनी बंगलोरला गेले. जाण्याआधीचे तीन महिने ते रोज दुपारी आमच्या दोघांना बसवून कर्नल समजावून सांगायचे आणि आम्ही लिहून घ्यायचो. शेवटच्या दिवशी म्हणाले, "आता माझ्याकडे काही राहिलं नाही." ते आनंदाने म्हणाले की नाही हे मला कळलं नाही.

मी तिथे आणखी थोडी वर्षं होते. नव्या मुली-मुलांना पहिल्या दिवशी ते पान द्यायचो आणि सोबत लाल पेन. त्यातल्या एकीने विचारलं, तापमान अंशाच्या दहाव्या भागात, तर मग दाब पूर्ण एककात का? प्रश्न बरोबर होता. दाबाच्या ओळीपर्यंत येता येता मी दमले होते आणि जुन्या ड्रायव्हरमध्ये होतं तेच उतरवून ठेवलं होतं. तिने विचारलं तेव्हा त्या नियमावर चालणाऱ्या पेट्या विंचूरपासून मालेगावपर्यंत किती ठिकाणी लागल्या होत्या याची आम्ही यादी काढली. प्रत्येक ठिकाणी जाऊन चिप बदलल्याशिवाय ती ओळ बदलता येत नव्हती, आणि एक जागा जरी राहिली असती तरी तिथे दाब दहापट चुकीचा दिसला असता. मी तिला म्हणाले, ही चूक माझी आहे, आणि ती आता अशीच राहणार. त्या ओळीखाली ठळक अक्षरांत टीप लिही. तिने लिहिली. टीप माझ्या ओळीपेक्षा चांगली होती.